दोन रीती, एक चर्च
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्रिएक देव, पवित्र शास्त्राचा अधिकार, येशूचे वधस्तंभावरील मरण व पुनरुत्थान, कर्माने नव्हे तर कृपेने विश्वासाद्वारे मिळणारे तारण, यांवर एकमत होतेच. कठीण प्रश्न बाप्तिस्म्याचा होता. या मंडळ्यांपैकी अँग्लिकन तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन मात्र स्वतः विश्वास कबूल करणाऱ्या जाणत्या माणसालाच. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. कोणालाही आपली धारणा टाकावी लागली नाही, ही मोठी उदारता होती. बालपणी बाप्तिस्मा झालेल्यानेही मोठेपणी आपला विश्वास मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा असतो.