बाळाच्या मापाचं यंत्र

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात रक्त किती असतं, माहीत आहे? साधारण अडीचशे मिलिलिटर. आपल्या घरातल्या पाणी प्यायच्या फुलपात्रात मावेल एवढं. मोठ्या माणसाच्या अंगात ते पाच लिटरच्या आसपास असतं. मुलांच्या रुग्णालयासाठी निधी जमवायला निघालेल्या प्रत्येकाला हा हिशोब आधी सांगावा, असं मला वाटतं. कारण दाता पहिल्यांदा हेच विचारतो, ‘‘मुलांसाठी वेगळं यंत्र कशाला? मोठ्यांचं आहे ना?’’

हृदयाची शस्त्रक्रिया घ्या. हृदय थांबवलेलं असताना रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते परत आत सोडायचं काम हार्ट-लंग मशीन करतं. त्याच्या नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात. मोठ्यांच्या मापाच्या नळ्या बाळाला लावल्या, तर त्यात भरलेला द्रवच बाळाच्या रक्ताच्या कितीतरी पट होईल आणि रक्त अगदी पातळ होऊन जाईल. म्हणून बाळासाठी बारीक नळ्या आणि छोटा ऑक्सिजनेटर लागतो. तीच गोष्ट दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची. मोठ्यांच्या पोटात दहा मिलिमीटरची दुर्बीण सहज जाते, तान्ह्या बाळासाठी ती तीन मिलिमीटरची लागते. शिवाय बाळाचं अंग झटकन गार पडतं, त्यामुळे टेबलावर ऊब देणारी सोय हवीच.

आता यातली खोच पाहा. हार्ट-लंग मशीनचा पंप वर्षानुवर्षं चालतो, पण ऑक्सिजनेटर आणि नळ्या एका मुलासाठी वापरल्या की टाकून द्यायच्या. दात्याला मात्र पंप आवडतो. त्यावर वडिलांच्या नावाची पाटी लावता येते, फीत कापता येते, फोटो निघतो. टाकाऊ नळीवर पाटी कुठे लावणार?

एका धर्मादाय रुग्णालयाच्या निधी समितीत मी काही वर्षं बसत असे. तिथे देणगीतून आलेलं एक झकास यंत्र महिनोन् महिने कापडाखाली झाकलेलं होतं. बिघाड काही नव्हता. दुरुस्ती-देखभालीचा वार्षिक करार आणि दर वेळी लागणारे सुटे भाग यांची तरतूदच कुणी केली नव्हती. कापडाबाहेर पाटी तेवढी दिसायची. त्या काळात शस्त्रक्रियेला आलेल्या मुलांना दुसरीकडे पाठवावं लागे, आणि दुसरीकडे म्हणजे बहुधा दुसऱ्या शहरात. आईबापांची मजुरी बुडायची, प्रवासाचा खर्च वेगळा.

हा प्रश्न जुना आहे. लंडनमधलं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं मुलांचं रुग्णालय १८५२ मध्ये अवघ्या दहा खाटांवर सुरू झालं. काही वर्षांतच पैशांची ओढाताण सुरू झाली, तेव्हा कादंबरीकार चार्ल्स डिकन्स मदतीला आले. १८५८ मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या भोजनसमारंभात भाषण केलं आणि पुढे स्वतःच्या गोष्टीचं जाहीर वाचनही केलं. आलेल्या पैशातून शेजारचं घर घेता आलं. पण वाचनाचे पैसे एकदाच येतात.

१९२९ मध्ये याच रुग्णालयाला जे. एम. बॅरी यांनी वेगळंच दान दिलं. ‘पीटर पॅन’ या त्यांच्या नाटकाचे सगळे हक्क त्यांनी रुग्णालयाच्या नावे करून टाकले. म्हणजे जिथे जिथे नाटक लागेल, पुस्तक खपेल, तिथलं मानधन मुलांच्या औषधपाण्याला. अट एकच, किती पैसे मिळतात ते जाहीर करायचं नाही. बॅरी १९३७ मध्ये वारले. पन्नास वर्षांनी, १९८७ अखेर, ब्रिटनमधला हक्क संपला. पण १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून तिथल्या संसदेने रुग्णालयाला हे मानधन कायमचं मिळेल अशी सोय केली. (आपल्याकडे एखाद्या नाटककाराला असं काही सुचावं, ही माझी भाबडी इच्छा.) योगायोग असा, की मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय सुरू झालं तेही १९२९ मध्येच, आणि तेही दानातूनच.

बॅरींच्या दानाचं मोल मला वाटतं ते ते वर्षानुवर्षं येत राहिलं यात आहे. यंत्राला लागतो तोही असाच येत राहणारा पैसा. आम्ही पुढे आवाहनपत्रकाचा मजकूर बदलला. ‘यंत्रासाठी मदत करा’ याऐवजी ‘एका मुलाच्या शस्त्रक्रियेतल्या नळ्यांचा खर्च उचला’ असं लिहिलं आणि यंत्राच्या देणगीतला ठरावीक भाग देखभालीसाठी बाजूला ठेवायचा ठराव केला. एकदोन मोठे दाते नाराज झाले, हे खरं. पण दरमहा थोडं थोडं देणारे निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक, भिशीमंडळाच्या बायका पुढे आल्या.

तेव्हा एखाद्या रुग्णालयाची पावती फाडण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा. हे यंत्र चालवायला प्रशिक्षित माणूस आहे का? आणि पुढच्या पाच वर्षांच्या सुट्या भागांचे पैसे कोण देणार आहे? चांगलं रुग्णालय या प्रश्नांवर रागावत नाही, उलट खुर्ची पुढे करून हिशोबाची वही उघडतं.