प्लग फेकण्याआधी त्याचा रंग पाहा

कपाशीचे पान पिवळे पडले म्हणून आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी पान उलटून पाहतो. मग पहाटे दूध घालायला निघताना जुनी गाडी किक घेईना, की तडक नवा प्लग का आणायचा? जुना प्लगही पानासारखाच असतो. आत काय बिघडलंय ते तो रंगावरून सांगतो.

माझ्याकडे वडिलांच्या वेळची शंभर सीसीची फोर स्ट्रोक गाडी आहे. एका उन्हाळ्यात मी महिन्याभरात तीन प्लग बदलले. चार दिवस गाडी बरी चाले, पुन्हा चढावर फटफट करून दम तोडे. शेवटी एका जुन्या मिस्त्रीने प्लग हातात घेऊन विचारले, "साहेब, एअर फिल्टर कधी उघडलं होतं?" उघडून पाहतो तर आत मळणीची धूळ नि भुसा गच्च! दोष हवेचा होता आणि पैसे मी प्लगवर घालत होतो.

तपासणी सोपी आहे. गाडी चार-पाच किलोमीटर चालवा आणि थांबताच इंजिन बंद करा, उभ्या जागी चालू ठेवू नका. इंजिन निवल्यावर प्लग खोला.

टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक ओढलेला राहिला का, फिल्टर चोंदला का, ते पाहावे. प्लग काळा नि तेलकट असेल तर ऑइल जळते आहे. फोर स्ट्रोकमध्ये बहुधा रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले असतात. राजदूतसारख्या टू स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात, तिथे आधी ऑइलचे माप तपासावे.

पांढरा, भाजल्यासारखा प्लग सर्वांत घातक. हवा जास्त, पेट्रोल कमी. जेटमध्ये कचरा असतो किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून हवा ओढली जाते. ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवरच्या गाडीत पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. मग पिस्टन जाम होतो आणि जेट साफ करून भागणारे काम बोअर करण्यावर जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २०२५ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास मिळते. ते आपल्या उसापासूनही बनते, हे खरे. पण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण पेट्रोल कमी असल्यासारखे होते. शिवाय ते पाणी ओढते. म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत जुने पेट्रोल ठेवू नये. पेट्रोलचा रबरी पाइप फुगला किंवा भेगाळला असेल तर बदलावा.

प्लग साफ केला की गॅपही पाहा. शंभर सीसीच्या बऱ्याच फोर स्ट्रोक गाड्यांना तो ०.६ ते ०.७ मि.मी. लागतो.

नवा प्लग जरूर घ्या. पण जुना फेकू नका, खिशात घालून मिस्त्रीला दाखवा. निम्मे निदान तिथेच होईल.