मेंदूतील धमनी-शिरा विकृती : निदान आणि निर्णय

या विकृतीत धमनी व शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचे जाळे नसते. धमनीतील रक्त जोराने थेट शिरेत शिरते आणि वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. १९२७ साली लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी धमनीत द्रव्य सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. तरीही १९२८ मध्ये हार्वे कुशिंग यांच्यासारखे शल्यविशारद ही शस्त्रक्रिया अतिशय धोक्याची मानत होते. १९३२ मध्ये स्टॉकहोम येथे हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांनी अशी विकृती पूर्णपणे काढली. पुढे किरणोपचारही आले. मात्र २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ चाचणीत, न फुटलेल्या विकृतीच्या रुग्णांपैकी केवळ औषधोपचार घेणाऱ्यांत सुमारे ३३ महिन्यांत पक्षाघात वा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. हा कालावधी अल्प असल्याने वाद मिटलेला नाही. विकृती दिसली म्हणजे ती काढलीच पाहिजे, असे आज म्हणता येत नाही.