दुकानाचा हिशोब दरमहा होतो, दुकानाच्या इमारतीचा कधी केलात?



दुकानाचा ठरलेला खर्च काढायला बसलं की आपण भाडं, वीजबिल, कामगारांचा पगार आणि बँकेचा हप्ता लिहितो. एक ओळ मात्र जवळपास प्रत्येकाच्या वहीत कोरी असते, ती म्हणजे इमारतीची तपासणी आणि डागडुजी. आज त्या एका ओळीबद्दल बोलू.

उदाहरण डोंगरकड्याचंच घेऊ. समजा तुमचं कृषी सेवा केंद्र आहे. इमारत वडिलांनी बांधलेली, वय पस्तीसच्या पुढे. खाली दुकान, वर दोन खोल्या. घरचे लोक नांदेडला राहायला गेले म्हणून वरच्या खोल्यांचं गोडाऊन झालं. स्लॅबला कुठेकुठे गज दिसतो, पावसाळ्यात एक कोपरा ठिबकतो. तुम्ही म्हणता, "चाललंय की इतकी वर्षं."

आता २०२४ साल आठवा. २१ मार्चला सकाळी सहानंतर थोड्याच वेळात हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे दोन धक्के बसले. पहिला ४.५ तीव्रतेचा, दुसरा ३.६ चा. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चा. आपल्या कळमनुरी तालुक्यात लोक अंगणात धावत आले होते. त्या दिवशी तुमच्या स्लॅबवर किती पोती होती, आठवतंय का?

नियम काय सांगतो?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २६५-अ आहे. इमारतीला ३० वर्षं झाली की महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची आणि इमारत सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सादर करायचं. त्यानंतर दर १० वर्षांनी पुन्हा. चुकवलं तर दंड २५ हजार रुपये किंवा त्या इमारतीच्या वर्षाच्या मालमत्ता कराइतकी रक्कम, यातलं जे जास्त असेल ते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, ही जबाबदारी कायदा "मालक किंवा वापरणारा" अशी टाकतो. म्हणजे "मी तर भाडेकरू" म्हणून हात झटकता येत नाहीत. दोन, ही तपासणी इंजिनिअर करतो आणि त्याची फी तुमची आणि त्याची बोलणी होऊन ठरते, बहुतेक वेळा क्षेत्रफळावर. म्हणून दोन-तीन ठिकाणी लेखी दर मागवा. कोणत्या चाचण्या करणार हेही त्यात लिहून घ्या.

नांदेडला तुमचा गाळा किंवा फ्लॅट असेल तर हा नियम तुम्हाला थेट लागू आहे. डोंगरकड्याला ग्रामपंचायत आहे, इथे हे कलम लागू नाही. बरेच जण इथेच खूश होतात. पण मित्रांनो, याचा अर्थ नीट समजून घ्या. शहरात नोटीस येते, दंडाची भीती असते, म्हणून का होईना तपासणी होते. गावात तुम्हाला आठवण करून देणारं कुणीच नाही. स्लॅब मात्र शहर-गाव बघत नाही.

वजनाचं गणित

घराची स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून डिझाईन करतात. दुकानासाठी हाच आकडा ४०० च्या आसपास धरतात, गोडाऊनला त्याहून बराच जास्त.

आता युरियाचं पोतं बघा, ४५ किलोचं. दहा पोत्यांची थप्पी म्हणजे ४५० किलो. खाली जागा व्यापते साधारण अर्धा चौरस मीटर. म्हणजे चौरस मीटरला ९०० किलो! घराच्या हिशोबाने ही जवळपास साडेचारपट झाली. त्यात गज गंजलेला असेल तर मूळची ताकदही उरलेली नसते. म्हणून जड माल तळमजल्यावरच ठेवा. वर ठेवायचाच असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

माळवदाच्या दुकानांचंही तेच. गळती थांबवायला दरवर्षी वर माती चढवत गेलो की छत जड होत जातं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसं गेली, त्यात दगडमातीच्या भिंती आणि असली जड छतं हे मोठं कारण होतं.

खांबाला हात लावू नका

दुकान मोकळं दिसावं म्हणून मधला खांब किंवा भिंत काढायचा मोह होतो. घाटकोपरची साईदर्शन इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळली, १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. खालच्या दुकानदाराचा निर्णय वरच्या सगळ्यांच्या डोक्यावर असतो, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

तपासणीत नेमकं काय होतं?

इंजिनिअर आधी डोळ्यांनी तडे, गळती, फुगलेलं प्लास्टर, गंजलेले गज बघतो. मग हातोडीसारख्या यंत्राने काँक्रीटचा कठीणपणा मोजतो, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधतो. काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर एक द्रावण टाकतात. गुलाबी झालं तर ठीक. रंग आला नाही तर समजायचं की काँक्रीटमधली गजाला सांभाळणारी ताकद संपत आलीय. अहवालात शेवटी काय दुरुस्ती करायची, किती तातडीने, हे लिहिलेलं असतं. ते नसेल तर मागून घ्या.

पैसे कुठून आणायचे?

यासाठी गृहनिर्माण सोसायट्यांची पद्धत उसनी घेऊ. त्यांच्या आदर्श उपविधीत दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड जमा करायला सांगितलंय. दोन्ही मिळून १ टक्का झाला. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी तपासणीही सांगितलीय.

तुमच्या दुकानाच्या बांधकामाचा खर्च, जागेची किंमत सोडून, १५ लाख धरा. एक टक्का म्हणजे वर्षाला १५ हजार, महिन्याला १,२५०. हे पैसे वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. पाच वर्षांत मुद्दलच ७५ हजार होते. तपासणीचे आणि सुरुवातीच्या डागडुजीचे पैसे उभे राहतात, कर्ज काढावं लागत नाही.

"विमा आहे ना?" असं कुणी म्हणेल. विमा जरूर घ्या, त्यात भूकंप आहे का तेही वाचा. पण वर्षानुवर्षांची झीज विमा कंपनी भरून देत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, घरच्या जुन्या पावत्या शोधा आणि इमारतीचं वय लिहून ठेवा.

२. प्रत्येक तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका, मोबाईलवर फोटो घ्या. महिन्याने पुन्हा बघा. तडा खुणेपुढे गेला असेल तर थांबू नका.

३. वरची थप्पी खाली आणा. याला एक रुपयाही फी लागत नाही.

४. भाड्याची जागा असेल तर पुढच्या करारात तपासणी कोण करणार आणि खर्च कसा वाटायचा, ते लिहून घ्या.

५. खर्चाच्या वहीत "इमारत" अशी ओळ घाला आणि समोर पहिला आकडा टाका.

मित्रांनो, आपण गिऱ्हाईकाला "या, बसा" म्हणतो. ज्या छताखाली बसवतो, त्याची खात्री आपणच करायची असते. तुमच्या इमारतीचं वय किती निघालं, ते कमेंटमध्ये नक्की कळवा.