घरच्या संगणकाचे दफ्तर

करमाळा तालुक्यातील जेऊर हे दौंड–सोलापूर लोहमार्गावरील स्टेशनचे गाव. अशा गावातील घराचा महत्त्वाचा ऐवज पूर्वी ट्रंकेत असे: खरेदीखत, मुलांचे दाखले, लग्नाची छायाचित्रे. आज त्यातील पुष्कळसा भाग संगणकाच्या हार्ड डिस्कवर असतो. ट्रंक गंजताना दिसते. हार्ड डिस्क मात्र पुष्कळदा पूर्वसूचना न देताच बंद पडते.

याचे कारण तिच्या रचनेत आहे. तिच्या पेटीतील चकत्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात, आणि वाचणारे टोक चकतीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगते. चालू असताना मोठा धक्का बसला, की पृष्ठभाग खरवडला जातो. नव्या तऱ्हेच्या एसएसडीत फिरणारा भाग नसतो. पण तीही निकामी होते, आणि मग तिच्यातील मजकूर परत मिळविणे फार कठीण जाते.

तेव्हा प्रथम प्रश्न विचारावा तो हा, की गेलेली वस्तू पुन्हा मिळेल काय? सातबाऱ्याचा उतारा सरकारकडून पुन्हा मिळतो. दिवंगत आजीचा ध्वनिमुद्रित आवाज कोणत्याही कचेरीत मिळत नाही. जे जगात एकाच ठिकाणी आहे, त्याची काळजी आधी घ्यावी.

दुसरी गोष्ट मांडणीची. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापले गेले. निवड झाली, क्रम लागला, आणि मग प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत पोहोचल्या. घरातही हाच क्रम योग्य होय. शेती, शिक्षण, आरोग्य, छायाचित्रे असे मोजकेच कप्पे करावेत. प्रत्येक फाइलच्या नावाच्या आरंभी वर्ष व महिना घालावा, म्हणजे नावांप्रमाणे लावताच कालक्रम आपोआप लागतो.

यानंतर राखीव प्रत, जिला बॅकअप म्हणतात. पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. अशा वेळी एकाच टेबलावरची प्रत मुळाबरोबरच बुडते. जेऊरच्या कुटुंबाने एक डिस्क पुण्याच्या किंवा सोलापूरच्या नातलगाकडे ठेवावी आणि दिवाळीस भेट होईल तेव्हा नव्या प्रतीशी तिची अदलाबदल करावी.

येथे दोन सावधगिऱ्या हव्यात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या संगणकविषाणूने अनेक देशांतील संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा वेळी संगणकाला जोडून ठेवलेली डिस्कही सुटत नाही. म्हणून प्रत होताच ती काढून ठेवावी. तसेच, फोन व संगणक यांची छायाचित्रे सतत जुळवून घेणारी सोय म्हणजे राखीव प्रत नव्हे. एके ठिकाणी पुसलेले छायाचित्र दुसरीकडेही पुसले जाते.

मराठी घरांपुढे आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरी आहे. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फॉन्टांत टंकला गेला. तो फॉन्ट नसेल, तर आजोबांच्या आठवणींची फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. असा मजकूर, फॉन्ट हाताशी आहे तोवरच, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा आणि कागदावर छापूनही ठेवावा.

शेवटी, न उघडलेली प्रत ही केवळ आशा होय. दर सहा महिन्यांनी राखीव डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार छायाचित्रे, दोन पत्रे आणि एखादे ध्वनिमुद्रण उघडून पाहावे. ती कशी उघडावयाची हे घरातील निदान दोघांना ठाऊक असावे. कारण एकट्याच्याच स्मरणात राहिलेली किल्लीदेखील एकच प्रत असते.