धूम्रपान आणि मुखाचे आरोग्य

भाविकहो, ज्या मुखाने आपण नामस्मरण करतो व तीर्थ-प्रसाद ग्रहण करतो, त्या मुखाची धूम्रपानाने कोणती हानी होते, याविषयी येथे थोडे निवेदन करीत आहोत.

बिडी-सिगारेटने दात पिवळे पडतात व श्वासास दुर्गंधी येते, हे सर्वांस ठाऊक आहे. खरा धोका मात्र दिसत नाही. हिरड्यांचा रोग झाला की सहसा दात घासताना रक्त येते व मनुष्य सावध होतो. निकोटिनने हिरड्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यास रक्त फारसे येत नाही. हिरड्या निरोगी भासतात आणि आत दातांना आधार देणारे हाड झिजत राहते. दात हलू लागतो, तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; बिडी-सिगारेटबाबत मात्र निग्रह आपणच करावयाचा आहे. व्यसन सोडल्यावर काही काळ हिरड्यांतून अधिक रक्त येऊ शकते. लपलेला रोग तेव्हा प्रकट होत असतो. म्हणून घाबरून पुन्हा बिडी धरू नये, दंतवैद्यांस दाखवावे.

तोंडातील पांढरा वा लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास आपल्या इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात अथवा अन्यत्र त्वरित तपासणी करावी; तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो. व्यसनमुक्तीसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

सर्व भाविकांनी व सभासदांनी याचा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.