मिसिसिपीचे ‘कचरा मासे’ आणि फ्लायचा गळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिनेसोटातल्या इटास्का तळ्यातून निघून सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत मेक्सिकोच्या आखाताला मिळणारी मिसिसिपी म्हणजे अमेरिकेच्या मध्यभागाची जीवनरेषा. तिच्या काठावर गळ टाकणाऱ्यांत माशांची एक अलिखित प्रतवारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ट्राउट, बास, वॉलआय हे मानाचे मासे. कॅटफिश त्यांच्या बराच खाली. ड्रम सगळ्यांत शेवटी. तो गळाला लागला की कपाळाला आठ्या घालून काठावर फेकून देणारेही भेटतात. फ्लाय फिशिंग करणाऱ्यांच्या लेखी तर हे दोन्ही मासे बराच काळ जमेत धरण्याजोगेही नव्हते.

या तुच्छतेमागची कारणं एकेक करून तपासली की त्यांतली बहुतेक खोटी ठरतात. या माशांना पकडायचं असो वा वाचवायचं, आधी त्यांना नीट ओळखायला हवं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, इलिनॉय इथल्या मराठी कुटुंबांच्या तर ही नदी जवळपास दाराशीच आहे, म्हणून ही ओळख मराठीतही व्हावी.

गैरसमज १ : फ्लाय फिशिंग फक्त डोंगरी ओढ्यांतल्या ट्राउटसाठी असतं.

वस्तुस्थिती : फ्लाय फिशिंग ही गळ फेकण्याची पद्धत आहे; ती कुठल्या एका माशाची नाही. एरवीच्या गळात आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलट होतं. जाड दोरीलाच वजन असतं आणि तिच्या टोकाशी बांधलेला हलका फ्लाय तिच्यामागून जातो. पिसं, केस आणि दोरा गळाभोवती गुंडाळून हा फ्लाय बनवतात. नाव फ्लाय असलं तरी तो उडणाऱ्या किड्याचीच नक्कल असतो असं नाही. छोटा मासा, जळू किंवा क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला नांग्यांचा झिंगा, यांच्याही नकला बांधतात.

गरम पाण्याच्या मोठ्या नद्यांनीच या कलेला तिचे काही गाजलेले फ्लाय दिले आहेत. बॉब क्लाउझर यांनी १९८७ साली ‘क्लाउझर मिनो’ बांधला तो पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना या रुंद नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी. त्याच्या गळाच्या दांडीवर धातूचे दोन जड डोळे असतात. त्यांच्या वजनाने तो झटकन बुडतो आणि गळाचं टोक वर राहत असल्याने दगडांत कमी अडकतो. तळाशी चरणाऱ्या माशांसाठी याहून सोयीची रचना क्वचितच सापडेल.

गैरसमज २ : कॅटफिशला दिसत नाही, तो सडक्या वासावरच येतो.

वस्तुस्थिती : हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच तो इतका टिकला. आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखा मिशीवाला, बिनखवल्यांचा चॅनल कॅटफिश चव ओळखण्यात असामान्य आहे. त्याच्या मिशांवर, ओठांवर आणि अंगभर मिळून लाखाहून अधिक स्वादकलिका असतात. गढूळ पाण्यातून आलेली पुसटशी चवही त्याला पुरते.

पण ही त्याची एकमेव शक्ती नव्हे. हवेची पिशवी आणि कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी त्याच्याकडे असते, म्हणून त्याला बऱ्याच माशांपेक्षा चांगलं ऐकू येतं. अंगाच्या बाजूवरच्या संवेदी रेषेने पाण्यातली हालचाल कळते. पाणी निवळलं की तो डोळ्यांनीही शिकार शोधतो. किडे, क्रेफिश, गोगलगायी, छोटे मासे हे त्याचं नेहमीचं खाणं.

त्याचा थोरला भाऊबंद फ्लॅटहेड कॅटफिश तर मोठेपणी मुख्यतः जिवंत माशांवर जगतो. १९९८ साली कॅन्ससमधल्या एल्क सिटी जलाशयात गळाला लागलेला फ्लॅटहेड १२३ पौंडांचा, म्हणजे जवळपास ५६ किलोचा होता. तो आजही जागतिक विक्रम आहे. एवढा देह पोसणाऱ्या माशाला निव्वळ सडक्याचा भोक्ता म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

फ्लायला वास नसतो, हे खरं. म्हणून गढूळ पुरात फ्लायने कॅटफिश धरण्याचा हट्ट धरू नये. उन्हाळ्यात पाणी उतरलेलं आणि निवळ असताना, प्रवाहाच्या कडेने क्रेफिशच्या किंवा माशाच्या नकलेचा फ्लाय तळाजवळून हळूहळू ओढला, तर चॅनल कॅटफिश तो घेतो.

गैरसमज ३ : हे मासे पाण्याच्या वरच्या थरात कधी येतच नाहीत.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यातली मे-फ्लाय या किड्यांची रात्र पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. हेक्साजेनिया जातीच्या मे-फ्लाय नदीच्या गाळात बिळं करून पिल्लावस्था काढतात आणि ठरावीक संध्याकाळी एकदम लाखोंनी पाण्यावर येऊन उडतात. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस इथल्या हवामान खात्याच्या रडारवर जुलै २०१४ मध्ये त्यांचा थवा पावसाच्या ढगासारखा उमटला होता. या मे-फ्लाय गाळातून वर येत असतात आणि अंडी घालून मरून पाण्यावर पडतात, तेव्हा नदीतले बहुतेक मासे मेजवानीला जमतात. चॅनल कॅटफिशही पृष्ठभागावर येऊन त्या टिपतो.

या मेजवानीचं भवितव्य मात्र काळजीचं आहे. विसाव्या शतकात सांडपाण्याने मे-फ्लाय नदीच्या मोठ्या टप्प्यांतून जवळपास नाहीशा झाल्या होत्या. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर नदी सुधारली आणि त्या परतल्या. रडारच्या नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र वरच्या मिसिसिपीतली त्यांची संख्या २०१२ पासूनच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक घटल्याचं दिसलं. मे-फ्लाय कमी होणं म्हणजे नदीतल्या माशांचं ताट रिकामं होणं.

गैरसमज ४ : ड्रम हा बाहेरून आलेला, कार्पसारखा उपरा मासा आहे.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत चुकीचा समज. कॉमन कार्प एकोणिसाव्या शतकात माणसाने मुद्दाम आणून सोडला. ड्रम इथला मूळ रहिवासी आहे. कॅनडापासून ग्वाटेमालापर्यंत तो सापडतो. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या दुसऱ्या कुठल्याही माशाचा वावर उत्तर-दक्षिण इतका लांबवर पसरलेला नाही.

त्याचं घराणं कोकण किनाऱ्यावरच्या वाचकाच्या ओळखीचं आहे. आपली घोळ आणि आपला ढोमा याच सायनिडी कुळातले. या कुळातले बहुतेक मासे समुद्रात किंवा खाडीत राहतात. उत्तर अमेरिकेत जन्मभर गोड्या पाण्यात राहणारा त्यांच्यातला हा एकटाच. ज्या हवेच्या पिशवीसाठी घोळीला बाजारात मोठी किंमत येते, त्याच पिशवीचा ड्रम वाद्यासारखा उपयोग करतो. विणीच्या हंगामात नर पोटातले खास स्नायू तिच्यावर थरथरवतात आणि पाण्याखालून घुमण्याचा आवाज येतो.

त्याच्या कानातले खडे मोठे, हस्तिदंतासारखे पांढरे असतात. मूळ अमेरिकन लोक ते दागिन्यांत वापरत आणि आजही काठावर सापडलेला असा खडा लोक शुभ मानून जपतात. शास्त्रज्ञांना त्याच खड्यातल्या वलयांवरून माशाचं वय कळतं. मिनेसोटातल्या रेड लेकमधल्या एका ड्रमचं वय त्यावरून ७२ वर्षं निघालं. चिडून काठावर फेकलेला मोठा ड्रम फेकणाऱ्यापेक्षा वयाने मोठा असू शकतो.

गैरसमज ५ : ड्रम तळाचा कचरा खातो, फ्लाय घेत नाही.

वस्तुस्थिती : ड्रमचं तोंड खाली वळलेलं असतं म्हणून हा गैरसमज झाला. प्रत्यक्षात तो मे-फ्लायची पिल्लं, क्रेफिश, छोटे मासे आणि शिंपले खातो. घशातल्या जाडजूड दातांनी तो कवच फोडू शकतो. सारं जिवंत, ताजं खाणं!

फ्लायने पकडायला तो चांगला मासा आहे, मात्र घाई चालत नाही. आठ नंबरची काठी आणि जड डोळ्यांचा तपकिरी किंवा नारिंगी छटेचा फ्लाय घ्यावा. तो तळाला टेकू द्यावा आणि मग बोटभर-दोन बोटं ओढत, थांबत, पुन्हा ओढत आणावा. ड्रम झडप घालत नाही. तो फ्लाय तोंडात घेतो आणि आपल्याला दोरी किंचित जड झाल्यासारखी वाटते. तेवढ्याच खुणेवर दोरी हाताने घट्ट खेचायची. काठी वर झटकली तर फ्लाय त्याच्या तोंडासमोरून निघून जातो. एकदा अडकला की तो रुंद अंग प्रवाहाला आडवं करून असा जोर लावतो की ‘कचरा’ हा शब्द तोंडातून निघणं अवघड होतं.

गैरसमज ६ : एवढ्या प्रचंड नदीत फ्लायचा काय पाड लागणार?

वस्तुस्थिती : मोठी नदी सगळीकडे सारखी नसते. मासे तिच्या थोड्या भागातच चरायला जमतात आणि त्यातला बराचसा भाग काठावरून किंवा छोट्या होडीतून फ्लायच्या टप्प्यात येतो. वरच्या मिसिसिपीत अशा जागा माणसानेच पुष्कळ निर्माण केल्या आहेत. बोटींसाठी खोल मार्ग राखायला १८७८ नंतर दगड आणि झाडोऱ्याचे आडवे बांध काठापासून प्रवाहात काढले गेले. पुढे १९३० साली नऊ फूट खोलीचा जलमार्ग मंजूर झाला आणि धरणं नि बोटी चढवा-उतरवायचे लॉक यांची रांग उभी राहिली.

त्या जुन्या बांधांवरून पाणी उसळून जातं आणि खाली संथ भोवरा तयार होतो. वेगवान आणि संथ पाण्याच्या त्या शिवेवर मासे उभे राहतात, कारण तिथे कमी श्रमात खाणं समोर येतं. काठ राखायला रचलेल्या दगडांच्या फटींत क्रेफिश असतात. धरणाखालच्या पाण्यातही मासे दाटतात, पण तिथे प्रवाह जीवघेणा असतो. खुणेच्या फलकांपलीकडे जाऊ नये आणि होडीत जीवरक्षक जाकीट काढू नये.

गैरसमज ७ : कॅटफिशच्या मिशा डंख मारतात.

वस्तुस्थिती : मिशा मऊ असतात, त्या काहीही करत नाहीत. पाठीवरच्या आणि छातीच्या दोन्ही बाजूंच्या परांतला टोकदार काटा मात्र लागतो आणि जखम ठणकते. पर सांभाळून मासा धरावा, गळ चिमट्याने काढावा.

गैरसमज ८ : ‘कचरा मासे’ मारले तर नदीचं भलंच होतं.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ड्रम, बफेलो, सकर, गार असे कितीतरी देशी मासे ‘रफ फिश’ या एकाच सदरात टाकले गेले आणि त्यांच्या शिकारीवर फारशी मर्यादा राहिली नाही. हे सदर माणसाच्या आवडीनिवडीवर ठरलं. नदीच्या गरजांशी त्याचा संबंध नव्हता. २०२१ साली मत्स्यशास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘फिशरीज’ या नियतकालिकात लेख लिहून ही संज्ञाच सोडून देण्याची मागणी केली.

तिच्यामागे ठोस कारणं आहेत. नदीतल्या देशी शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून काढतात आणि अनेक जातींच्या शिंपल्यांना त्यासाठी ड्रमच लागतो. ते शिंपले पाणी गाळून स्वच्छ ठेवतात. ड्रम घटला तर त्यांची पुढची पिढी धोक्यात येते. बाहेरून आलेले झेब्रा शिंपले ड्रम खातो हेही खरं. पण तो त्यांचा बंदोबस्त करील अशी आशा धरू नये, इतके ते बेसुमार झाले आहेत. शिवाय इतका दीर्घायुषी मासा मोठ्या संख्येने मारला तर ती हानी भरून यायला दशकं लागतात.

ड्रमचं मांस पांढरं आणि घट्ट असतं, ते आवडीने खाणारेही आहेत. खायचा असेल तर त्या पाण्यातल्या माशांबद्दल राज्याने दिलेला आरोग्यविषयक सल्ला आधी वाचावा आणि लागतो तेवढाच मासा ठेवावा. बाकीचे जिवंत सोडावेत.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी राज्याचा मासेमारी परवाना काढावा आणि गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडताना जखम कमी होते. पेटीतून फ्लाय निवडण्याआधी काठावरचे दोन-चार दगड उलटून पाहावेत. खाली जे वळवळताना दिसेल तेच या माशांचं अन्न, आणि त्याच आकाराचा, त्याच रंगाचा फ्लाय दोरीला बांधायचा. कॅटफिश आणि ड्रम काय खातात याची खातरी ऐकीव गोष्टींपेक्षा अशा दगडाखाली लवकर पटते.